चढावरची वीज

उन्हाळा अजून पुरता लागलाही नव्हता, तोच वीज कंपनीने दर वाढवले आणि थोरलीच्या घरामागची पत्र्याची शेड तोट्यात गेली.

या शेडमध्ये पूर्वी दोन म्हशी बांधलेल्या असत. आता तिथे लोखंडी मांडणीवर आठ यंत्रं होती. दिसायला बुटांच्या खोक्याएवढी, पण आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. थोरलीच्या दिराने ती शहरातून आणून बसवली होती. याला घरात-गावात सगळे धाकटाच म्हणत. यंत्रं अष्टौप्रहर आकडेमोड करत आणि त्या बदल्यात क्रिप्टोचं नाणं मिळे. ते हातात धरता येत नव्हतं, दाताखाली चावून बघता येत नव्हतं, पण विकता येत होतं.

"पण भावोजी, हे नाणं निघतं तरी कुठून?" थोरलीने सुरुवातीलाच विचारलं होतं.

धाकट्याने डोकं खाजवलं आणि मग तिला समजेल असं सांगितलं. "वहिनी, सगळ्या जगाची मिळून एकच विहीर आहे असं समजा. तिला पाणी येतं ते मोजकंच. जगभरचे लोक तिच्यात आपापली बादली सोडून बसलेत. ज्याच्या बादल्या जास्त, त्याचा वाटा जास्त."

"आणि ओढायला जोर लागतो तो?"

"तीच वीज."

"म्हणजे पाणी सगळे एकाच भावाने विकणार," थोरली म्हणाली, "पण कुणाचा दोर आखूड, कुणाचा लांब. आखूडवाला टिकणार, लांबवाल्याचे हात सोलणार."

तिने बरोबर बोट ठेवलं होतं, आणि आपला दोर लांब आहे हे धाकट्याला ठाऊक होतं.

दर वाढल्यावर तो आणखी लांबला. त्यात गरमी. यंत्रं आधीच तव्यासारखी तापत, वर पत्रा तापे. म्हशी असताना टांगायचे तसे ओले गोणपाट थोरलीने शेडच्या तोंडाला टांगले. दर तासाला त्यांच्यावर पाणी मारायचं. चार मोठे पंखे लावले, तर तेही वीजच खात. दुपारी यंत्रं आपोआप बंद पडत आणि धाकटा घामाने निथळत, एकेका यंत्राला हात लावून तापलेलं पोर बघावं तसा बघत फिरे.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," थोरलीचा नवरा म्हणाला. हा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, म्हणून त्याला फिटर म्हणत. बोलायचा कमी आणि जे बोलायचा ते वर्मी लागेल असं.

"दादा, डोंगराकडच्या लोकांना वीज आपल्या निम्म्यानेही पडत नाही," धाकटा म्हणाला. "वर हवाही गार. त्यांच्याशी आपण कसे पुरे पडणार? यंत्रं तीच, नाणं तेच. आपण फक्त चुकीच्या जागी बसलोय."

"मग विकून टाक भंगारात."

भंगार हा शब्द ऐकला आणि थोरलीचा गोणपाटावर पाणी मारणारा हात थांबला. हा शब्द नवऱ्याने पूर्वीही एकदा वापरला होता. तिच्या माहेरच्या एका लग्नात, चार पाहुण्यांच्या देखत. तिच्या भावाने मोठ्या हौसेने आपली पाणचक्की दाखवायला नेलं होतं. ओढ्याचं पाणी पाटाने आणून उंचावरून पाइपात सोडायचं, ते चाकावर पडायचं, चाकावर जनरेटर आणि लाकूड चिरायची करवत. फिटरने सगळं पाहून घेतलं आणि म्हणाला, "भंगाराचा भाव बरा येईल." लोक हसले. भाऊ हसला नाही. त्यानंतर त्याने बहिणीला माहेरी बोलावलं नव्हतं आणि तीही न बोलावता गेली नव्हती.

तिने पाण्याची बादली खाली ठेवली. "भावोजी, माझ्या माहेरी ओढा बारमाही आहे. करवत बंद पडून वर्षं झाली. झाडं तोडायला बंदी आली ना. चाक नुसतं वस्तीच्या दिव्यांपुरतं फिरतं, बाकीचं पाणी तसंच कड्यावरून खाली जातं. ती वीज तिथून कुणी नेत नाही, कारण तिथवर तारच पोचलेली नाही."

धाकट्याचे डोळे चमकले. फिटरने मात्र पान्हा उचलला आणि दुसऱ्याच कामाला लागला.

"मी जाते उद्या," थोरली म्हणाली. "फार तर काय होईल, हाकलून देईल. माझाच भाऊ आहे, दुसऱ्याच्या दारात तर उभी राहत नाही."

*

गाडी घाटाच्या तोंडाशीच थांबली. पुढे चढ. थोरली पुढे, धाकटा मागे धापा टाकत. वर पोचले तेव्हा भाऊ घराच्या छपरावर बसून कौलं बसवत होता. त्याने खाली पाहिलं आणि हातातलं कौल जागेवर ठेवूनच बोलला.

"पाणचक्की बघायला आलीस की मला?"

"दोघांनाही. कोण जास्त गंजलंय ते बघायला."

भावजयीने तोंडाला पदर लावला. भाऊ हसला नाही, पण शिडीवरून उतरला. चहा झाला. धाकट्याने आपलं म्हणणं मांडलं, यंत्रं किती, वीज किती लागेल, तिघांत वाटणी कशी. भाऊ ऐकत होता आणि कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"चाक माझं आहे," तो शेवटी म्हणाला, "पण पाणी माझं नाही. पाणी वस्तीचं. उद्या कुणी हरकत घेतली तर मी मध्ये पडणार नाही, तुझं तू निस्तरायचं."

"निस्तरीन."

"आणि चाकाचं बेअरिंग गेलंय. दिवे ओढतं, त्यापेक्षा जास्त भार घेणार नाही. ज्याने त्याला भंगार म्हटलं, त्यानेच येऊन ते नीट करावं."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. थोरलीने तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि भावाची अट सांगितली.

"आणखी दुसरा फिटर नाही का त्या डोंगरात?"

"आहेत की. पण त्यांनी भंगार म्हटलेलं नाही," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी फिटर चढ चढून आला. खांद्यावर हत्यारांची पेटी, मान खाली, शर्ट पाठीला चिकटलेला. भाऊ चक्कीघराच्या दारातच उभा होता.

"या पाहुणे. जपून हां. भंगार आहे, हाताला लागेल."

थोरलीला वाटलं, आता हा आल्या पावली परत फिरतोय. फिटरने पेटी खाली ठेवली, विजार गुडघ्याच्या वर दुमडली आणि चाकाच्या खड्ड्यात उतरला. पाणी बंद केलेलं असलं तरी खड्ड्यात मांडीएवढं साचलेलं होतं आणि बर्फासारखं गार होतं. त्याने नट सोडवायला घेतले. नट बसले होते ते हलेनात. तेल सोडलं, थांबला, परत जोर लावला, पान्हा निसटून मनगटाचं साल गेलं. अर्धी सकाळ तो त्या खड्ड्यात होता. ओठ काळेनिळे पडले, दात वाजायला लागले तरी वर येईना.

भाऊ काठावर बसून बघत होता. पहिल्यांदा मांडी घालून, मग उकिडवा. शेवटी त्याने चपला काढल्या आणि तोही खड्ड्यात उतरला.

"तुम्ही दांडा धरा, मी ठोकतो," एवढंच म्हणाला.

दोघांनी मिळून जुनं बेअरिंग ठोकून ठोकून बाहेर काढलं. फिटरने अंगठ्याने दांड्यावरचा गंज पुसला, खालचं चकचकीत लोखंड दिसलं, आणि तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला.

"लोखंड चांगलं आहे," तो म्हणाला. "असं आता मिळत नाही."

भावाने मान हलवली. भावजयीला हाक मारून त्याने पाहुण्यांसाठी कोरडे कपडे आणि चहा मागवला. त्या दिवशी दोघे मेहुणे एका ताटात जेवले नसतील, पण एकमेकांना वाढून जेवले.

*

यंत्रं वर आणणं हे वेगळंच लचांड होतं. घाटाच्या तोंडापासून एकेक यंत्र गोधडीत बांधून पाठीवर घ्यायचं. धाकट्याच्या खांद्यांना वळ उठले. तो शहरात राहिलेला, पण कुरकुरला नाही. चाकाची ताकद पाचच यंत्रांची होती, उरलेली तीन त्याने खालच्या खाली विकून टाकली आणि त्यातून तार आणि नवं बेअरिंग आलं. इंटरनेट फार लागत नव्हतं. टेकाडावर बांबूचा उंच खांब रोवला, त्यावर अँटेना बांधली, तेवढ्यावर भागलं.

पाणी सोडलं, चाक घरघरलं, दिवे आधी मिणमिणले आणि मग स्थिर झाले. पाठोपाठ यंत्रं बोलायला लागली. धाकटा हात जोडून उभा राहिला. गार वारा खिडकीतून सरळ यंत्रांवर येत होता. गोणपाट नको, मोठे पंखे नकोत. खाली जी यंत्रं दुपारी मान टाकायची, ती इथे दिवसभर एका सुरात चालली.

फिटर आपल्या पंपांकडे परतला. थोरली राहिली. पाट सांभाळायला कुणीतरी लागणारच होतं. ती उजाडताच फावडं घेऊन निघे. पाटात पडलेला पालापाचोळा काढायचा, गाळ उपसायचा, खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं चिखलाने बुजवायची, पाइपाच्या तोंडावरची जाळी हाताने खरवडायची. जाळीवर एक पान चिकटलं की चाक मंदावे. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले आणि तिथे घट्टे पडले. कंबर दुखे. पण बिलाच्या नुसत्या धास्तीने जीव जायचा, त्यापेक्षा ही दुखरी कंबर बरी, असं ती भावजयीला सांगे.

यंत्रांच्या मागच्या बाजूने कढत हवा बाहेर पडे. खाली ती हवा म्हणजे शत्रू होती. इथे भावजयीने पहिल्याच आठवड्यात तिथे दोरी बांधली आणि धुणं वाळत घातलं. मग शेजारणी आल्या. वर ढग उतरले की चार-चार दिवस कपडे वाळत नसत. पुढे कुणी ओली लाकडं आणून रचली, कुणी मक्याची कणसं पसरली.

"अहो, हा कारखाना आहे की धोबीघाट?" धाकटा वैतागला.

"राहू द्या भावोजी. आपल्याला नको असलेली गोष्ट त्यांना हवी आहे. नाही म्हणायला तोंड कुठून आणू?"

*

वाऱ्याने दिशा बदलली आणि ओढ्याचं पाणी उतरायला लागलं. बारमाही ओढा आटत नाही, पण बारीक होतो. पाटाच्या तोंडाशी सगळं पाणी वळवलं की मधल्या टप्प्यात ओढा कोरडा पडे. चक्कीघराखाली पाणी परत ओढ्याला मिळे, पण त्या मधल्याच टप्प्यावर बुटक्याचं शेत होतं.

बुटका सहा फुटांच्या वर होता. लहानपणी बुटका होता म्हणून नाव पडलं, मग तो वाढला, नाव तेवढंच राहिलं. थोरलीला त्याने कडेवर घेतलेलं होतं. तो चक्कीघराच्या दारातून कमरेत वाकून आत आला आणि यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलला.

"पोरी, माझी कोबीची रोपं मान टाकतायत."

"पाणी मोजूनच घेतो आम्ही, काका," धाकटा मध्येच म्हणाला. "आणि खाली परत सोडतोच की."

"खाली सोडता. मी वर आहे."

"चार दिवस कळ काढा. सध्या भाव चढलाय, आत्ता यंत्रं बंद ठेवली तर..."

बुटक्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. थोरलीकडे पाहिलं, आणि आला तसा वाकून निघून गेला.

थोरली त्याच्या मागोमाग गेली. शेतात बुटक्याची बायको डोहातलं उरलंसुरलं पाणी कळशीने आणून एकेका रोपाच्या बुडाशी ओतत होती. कमरेत वाकलेली ती, मधूनच एक हात गुडघ्यावर टेके आणि श्वास घेई. थोरलीला पाहून तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा डोहाकडे वळली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

थोरलीने कळशी तिच्या हातातून घेतली आणि दिवस कलेपर्यंत पाणी घातलं.

परत आली तेव्हा धाकटा फोनवर भाव बघत होता. "वहिनी, असा भाव दोन वर्षांत आला नव्हता!"

"पाटाचं दार खाली करतेय मी," ती म्हणाली. "वस्तीच्या दिव्यांपुरतं आणि एका यंत्रापुरतं पाणी राहील. बाकी ओढ्यात."

"आत्ता? वहिनी, तुम्हाला कळतंय ना? आत्ताच कमवायचे दिवस आहेत! खाली वीज महाग म्हणून आपण वर आलो. आता वीज आहे, भाव आहे, आणि आपणच बंद करायचं?"

"भावोजी, पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. पाट दीड कोस लांब आहे. मी कुठे कुठे राखण करणार? एखाद्याने रागाने एक फावडं मारलं की संपलं. इथे वीज स्वस्त आहे ती ओढ्यामुळे नाही. लोकांनी पाणी येऊ दिलंय म्हणून आहे."

"आणि नाही मारलं कुणी फावडं तर?"

"तरी म्हातारीच्या कमरेवर मला नाणं काढायचं नाही."

तिने स्वतः जाऊन दाराच्या फळ्या खाली केल्या. एक सोडून बाकीची यंत्रं निवत गेली आणि चक्कीघरातला कलकलाट इतका उतरला की ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला. धाकटा त्या दिवशी जेवला नाही. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोले, तेही भिंतीकडे बघून. फिटरला फोनवर त्याने गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा फिटर म्हणाला, "पाट तिचा, माहेर तिचं. मी एकदा तिथे बोलून बघितलंय, पुन्हा बोलणार नाही."

थोरलीचंही मन थाऱ्यावर होतं असं नाही. बंद यंत्रांवरची धूळ पुसताना तिला वाटे, आपण घराचं नुकसान केलं का? मग ती फावडं उचले आणि पाटावर जाई. पाणी कमी असलं की गाळ उपसायला बरं पडतं. तिने सबंध पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ केला. बुटक्याची रोपं उभी राहिली. तो आभार मानायला आला नाही आणि तिने वाटही पाहिली नाही.

*

मग एका दुपारी डोंगरमाथ्यावर काळंकुट्ट आभाळ फुटलं. खाली वस्तीवर चार थेंब पडले असतील, पण ओढा गढूळ, फुगलेला, दगड गडगडवत आला. सकाळी थोरली पाटाच्या तोंडाकडे गेली तर वळणावरचा बांध पार वाहून गेला होता. बैलगाडी आरपार जावी एवढं खिंडार. पाटात थेंब नव्हता. वस्तीचे दिवे गेले होते, चालू होतं ते एक यंत्रही बंद पडलं होतं.

भाऊ आणि धाकटा धावत आले. भावाने खिंडार पाहिलं आणि मटकन खाली बसला. "हे तिघांचं काम नाही. महिना जाईल."

"महिना तर महिना," थोरली म्हणाली आणि पदर खोचला.

पहिला दगड तिने उचलला तोच मागून आवाज आला. "तो नको. तो गोल आहे, ठरणार नाही. चपटे घे."

बुटका होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर रिकामी पोती होती. त्याच्या मागे त्याची बायको, तिच्या मागे धुणं वाळत घालणाऱ्या शेजारणी, त्यांचे नवरे, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या डोक्यावर घमेलं. कुणी कुणाला बोलावलेलं नव्हतं. बुटका सरळ खिंडारात उतरला, पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतला आणि तिथूनच ओरडायला लागला.

"बघता काय? पोती भरा! पोरी, तू त्या शहरी पाव्हण्याला मध्ये घे, नुसता उभा राहिलाय खांबासारखा!"

धाकटा ओळीत शिरला. माती, पोतं, दगड, माती, पोतं, दगड. हातातून हातात. दोन पोती फाटली, एक बांध अर्ध्यात घसरला आणि पुन्हा पहिल्यापासून रचावा लागला. भावजयीने सगळ्यांना पुरेल एवढा चहा आणला, तो उभ्याउभ्या प्याले. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते थोरलीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. भावाने महिना सांगितला होता, पण उन्हं कलण्याआधी खिंडार भरून निघालं.

थोरलीने दाराच्या सगळ्या फळ्या वर घेतल्या. ओढ्याला आता सगळ्यांना पुरून उरेल एवढं पाणी होतं. पाटातून ते केरकचरा ढकलत पुढे गेलं. चाक फिरलं. पाचही यंत्रं एकापाठोपाठ एक जागी झाली.

धाकट्याने चिखलाच्या हातानेच फोन उघडला. बघता बघता त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मग सरळ झाल्या.

"वहिनी, भाव आपटलाय. निम्म्यावर."

"मग हसताय काय?"

"खाली सपाटीवर, जिथे जिथे वीज महाग आहे, तिथले लोक यंत्रं बंद करतायत. त्यांना परवडत नाही. विहिरीतल्या त्यांच्या बादल्या उठल्या. राहिलेल्यांचा वाटा वाढतोय, आणि राहिलेल्यांत आपण आहोत." तो थांबला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी मी जास्त बोललो."

"बोललात ते बोललात. आता भाव पडू दे नाहीतर चढू दे, आपलं चाक फिरतंय," थोरली म्हणाली. "जा, आधी हात धुवा. यंत्राला चिखल लागेल."

सगळी माणसं भिजलेली, चिखलाने माखलेली आणि थंडीने कुडकुडत होती. ती एकेक करून चक्कीघरात शिरली आणि यंत्रांच्या मागे, त्या कढत हवेत जाऊन बसली. बुटक्याने भिंतीला पाठ टेकली, लांबलचक पाय पसरले आणि डोळे मिटून घेतले. त्याच्या कपड्यांतून वाफ निघायला लागली.

"मला आता इथून उठवू नका," तो म्हणाला. "झकास आहे हे. सगळं फुकटात चालतं ना गं तुझं?"

"फुकट कुठलं, काका? बिल आहे की," थोरली म्हणाली. "सकाळपासून तुम्ही सगळे मिळून तेच भरत होतात."

बुटका डोळे न उघडताच खदखदून हसला. बाकीचेही हसले, धाकटाही. थोरलीने फावडं खांद्यावर टाकलं आणि ती पुन्हा पाटाकडे निघाली. नव्या बांधाच्या बुडातून अजून थोडं पाणी झिरपत होतं.